हॉवर्ड हॅन्सन आणि रॉचेस्टरची चाळीस वर्षं

पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेतल्या एखाद्या बड्या वाद्यवृंदाची कार्यक्रमपत्रिका उघडली, तर बेथोवेन, ब्राम्स, वाग्नर हीच नावं दिसत. संचालक युरोपातून आणलेले, वादकांत जर्मनांचा भरणा. होतकरू संगीतकाराला पुढचं शिकायचं असेल, तर तो जर्मनीची बोट धरायचा. चेक संगीतकार द्वोर्झाक १८९२ ते १८९५ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकवून गेले. तुमचं संगीत तुमच्याच मातीत आहे, कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत आहे, असं त्यांनी बजावलं होतं. त्यावर चर्चा मात्र भरपूर झाली. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी लाट उसळली आणि १९१८ मध्ये बोस्टन वाद्यवृंदाचे संचालक कार्ल मुक यांना अटक झाली. त्यांच्या जागी आधी राबो आणि मग माँत्यू आले, म्हणजे दोघेही फ्रेंच. अमेरिकी संगीतकार होता तिथेच राहिला.

अमेरिकी संगीतकार आणि संचालक हॉवर्ड हॅन्सन यांचं काम समजून घ्यायचं, तर ही पार्श्वभूमी आधी माहीत हवी. त्यांचा जन्म १८९६ चा, नेब्रास्कातल्या वाहू या छोट्या गावातला. आईवडील स्वीडनहून आलेले. न्यूयॉर्कमध्ये आणि शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांचं शिक्षण झालं, कॅलिफोर्नियात त्यांनी काही वर्षं शिकवलं आणि १९२१ मध्ये संगीतासाठीच्या रोम पुरस्काराच्या, म्हणजे रोममध्ये राहून काम करायच्या शिष्यवृत्तीच्या, पहिल्या मानकऱ्यांत ते आले. ‘नॉर्डिक’ ही पहिली सिंफनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) त्यांनी रोममध्येच १९२३ साली स्वतः संचालन करून सादर केली. अमेरिकी संगीताचा पुढचा वकील स्वतः युरोपात राहून तयार झाला, ही गंमत आहेच.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये तोवर कॅमेरे बनवणाऱ्या कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन यांनी संगीतशाळा काढली होती आणि तिला लागून तीन हजारांवर खुर्च्यांचं प्रशस्त थिएटरही बांधलं होतं. तिथे मूकपटांना साथ करायला अख्खा वाद्यवृंद बसायचा. १९२४ मध्ये या शाळेची सूत्रं हॅन्सन यांच्याकडे आली. वय अवघं २७. पुढची चाळीस वर्षं ते तिथून हलले नाहीत.

त्यांनी नेमकं काय केलं, हे कळायला वाद्यवृंदाची व्यावहारिक बाजू पाहावी लागते. सिंफनी लिहून झाली तरी ती कागदावरच असते. प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा उतरवून काढायचा. तेव्हा हे सगळं हातानं चाले, आणि नकलेतली एक चूक तालमीचा बराच वेळ खाई. साठ-सत्तर वादकांच्या तालमीचा खर्च निराळा. नवख्या माणसासाठी एवढी यातायात कोण करणार? आणि स्वतःचं संगीत एकदाही कानावर न पडता त्याला आपली चूक तरी कशी कळणार? बासरी पितळी वाद्यांखाली बुडते का, हे कागद सांगत नाही. म्हणून हॅन्सन यांनी १९२५ पासून अमेरिकी संगीतकारांसाठी खास वाद्यवृंद मैफली सुरू केल्या. पहिल्याच मैफलीत तरुण एरन कोपलंड यांची रचना होती. १९३१ पासून याला वार्षिक महोत्सवाची जोड मिळाली आणि तो महोत्सव १९७१ पर्यंत चालला. विल्यम ग्रँट स्टिल यांची ‘आफ्रो-अमेरिकन सिंफनी’ १९३१ मध्ये हॅन्सन यांच्याच संचालनाखाली पहिल्यांदा वाजली. नामांकित वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकाराची सिंफनी सादर करण्याची ती पहिली वेळ. हॅन्सन यांच्या कारकिर्दीत रॉचेस्टरमध्ये दोन हजारांवर अमेरिकी रचना वाजल्या, असा अंदाज दिला जातो. मर्क्युरी कंपनीने १९५०च्या दशकात काढलेल्या ध्वनिमुद्रिकांमुळे यातल्या बऱ्याच रचना थिएटरबाहेरही पोचल्या.

त्यांच्या स्वतःच्या लेखनाचं काय? बोस्टन वाद्यवृंदाच्या पन्नाशीनिमित्त त्याचे तेव्हाचे संचालक कूसेवित्स्की यांनी मागवलेली दुसरी सिंफनी १९३० ची. तिचं ‘रोमँटिक’ हे नाव त्यांनी ठरवून ठेवलं, कारण सुरावटीचं आणि भावनेचं संगीत त्या काळी नव्या मंडळींना मागासलेलं वाटू लागलं होतं. १९३४ मध्ये ‘मेरी माउंट’ हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात झाला. वडिलांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या चौथ्या सिंफनीला १९४४ चं पुलित्झर मिळालं. संगीतासाठी हा पुरस्कार सुरू होऊन तेव्हा दुसरंच वर्ष होतं.

युद्धानंतर मात्र वारं फिरलं. विद्यापीठांत सप्तकातले बाराही स्वर ठरलेल्या क्रमाने वापरणाऱ्या गणिती मांडणीचा बोलबाला झाला आणि हॅन्सन जुन्या वळणाचे ठरले. हा शिक्का त्यांनी थोडा ओढवूनही घेतला होता. मंच सर्वांना खुला म्हटलं तरी त्यांची आवड सुरेल संगीताकडे झुकलेली होती, आणि निवड अखेर त्यांचीच असे. तरी त्यांना एकांगी म्हणणं मला पटत नाही. १९६० मध्ये आधुनिक संगीतातल्या स्वरसमूहांची शिस्तशीर वर्गवारी करणारा जाडजूड ग्रंथ लिहिणारा माणूस नव्याला बिचकत होता, असं कसं म्हणायचं?

गंमत म्हणजे ‘रोमँटिक’ सिंफनी सर्वाधिक लोकांनी ऐकली ती १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत. त्यासाठी हॅन्सन यांना विचारलंही नव्हतं, असं सांगतात. ते चिडले, पण कोर्टात गेले नाहीत.

१९६४ मध्ये ते निवृत्त झाले आणि ईस्टमन शाळेतच सुरू झालेल्या अमेरिकी संगीताच्या संस्थेचं काम पाहू लागले. १९७६ मध्ये कोडॅकने त्यांच्या सन्मानार्थ शाळेला एक लाख डॉलरचे शेअर दिले, तेव्हा हा पैसा त्याच संस्थेला मिळावा, अशी अट त्यांनी घातली. फेब्रुवारी १९८१ मध्ये रॉचेस्टरमध्येच त्यांचं निधन झालं.