जळलेली नोट म्हणजे राख नव्हे

घराला आग लागून गेली की ढिगाऱ्यात कपाटातला पत्र्याचा डबा सापडतो. आत कडा काळ्या पडलेल्या पाचशेच्या नोटा. जमलेली माणसं हळहळतात, "गेले ते पैसे, द्या टाकून." हे खरं नाही, आणि या समजापायी आधीच उघड्यावर आलेल्या कुटुंबाचं आणखी नुकसान होतं.

गैरसमजाचं मूळ बँकेच्या खिडकीवर आहे. फार जळालेल्या, हात लावताच चुरा होणाऱ्या नोटा शाखेत बदलून मिळत नाहीत. माणूस तिथूनच परत फिरतो. पण अशा नोटा रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात, म्हणजे नोटा चलनात आणणाऱ्या कार्यालयात, तपासल्या जातात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूरला. 50 रुपये व त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण रक्कम, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी. 40च्या खाली मात्र काहीच नाही.

म्हणून मदतीला जाल तेव्हा लगेच झाडू मारू नका. चिकटलेला गठ्ठा सोडवायला जाऊ नका, चिकटपट्टी तर नकोच. खालून पुठ्ठा सरकवून तो तसाच उचला आणि कापूस घातलेल्या डब्यात ठेवा.