वजन उतरलं की चरबी उतरली?

वजनकाटा तीन किलो कमी दाखवतो तेव्हा नेमकं काय गेलं? पाणी, स्नायू की चरबी, काट्याला सगळं सारखंच. आपल्याला मात्र फक्त चरबी घालवायची असते.

पहिल्या आठवड्यातली घट बरीचशी पाण्याची असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरानं साठवलेल्या साखरेचा साठा असतो, साधारण अर्धा किलो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की साठा उपसला जातो आणि पाणीही जातं. पुन्हा नीट जेवायला लागलं की दोघंही परत येतात.

चरबी इतक्या घाईनं जात नाही. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तरी एक किलोला पंधरा दिवस लागतात. स्नायूंचं उलट आहे. त्यांत तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे किलोभर स्नायू झिजूनही शरीराला ऊर्जा फार थोडी मिळते. म्हणूनच स्नायू झिजत असतील तर काटा जास्त भराभर उतरतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, काय छान चाललंय! मला हे फार धोक्याचं वाटतं, विशेषतः साठीच्या पुढच्यांसाठी. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागायला लागला, तर उतरलेल्या किलोंचं कौतुक काय करायचं?

स्नायू टिकतात ते वजनं उचलण्यानं आणि पुरेशा प्रथिनांनी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग बघा. जाड तरुणांनी चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी घेतल्या आणि जोरदार व्यायाम केला. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली, वर चरबीविरहित वजन १.२ किलोनं वाढलं. १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलो गेली, पण बाकीचं वजन जेमतेम तेवढंच राहिलं. एरवी इतकी प्रथिनं लागत नाहीत, १.२ ते १.६ ग्रॅम बहुतेकांना पुरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चरबीविरहित वजन म्हणजे नुसते स्नायू नव्हेत. त्यात हाडं, अवयव, पाणी सगळं येतं. त्यामुळे शरीरातली चरबी दाखवणाऱ्या घरगुती काट्याचा आकडा पाणी पिण्यानंही हलतो. त्यापेक्षा टेप घ्या, दर पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी बेंबीच्या पातळीवर घेर मोजा, आणि व्यायामात किती वजन किती वेळा उचललं ते वहीत लिहा. घेर उतरतोय आणि उचलायचं वजन तेवढंच आहे, तर काटा महिनाभर अडला तरी चरबीच जातेय.