कीबोर्ड नसलेला सिंथेसायझर: एलियान रादिग यांच्या संगीतामागचा इतिहास

एलियान रादिग हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर पडलेलं नाही. पण इलेक्ट्रॉनिक संगीतात एकच सूर तासभर धरून ठेवायचा आणि त्याच्या पोटात काय काय चाललंय ते ऐकवायचं, असा जो एक प्रवाह आहे, त्याच्या उगमाकडे जाताना या फ्रेंच संगीतकर्तीपाशी थांबावंच लागतं. नवं यंत्र बाजारात आलं की जुनं टाकायचं, असा रिवाज असलेल्या क्षेत्रात त्यांनी एकाच सिंथेसायझरवर जवळपास तीस वर्षं काढली. नंतर तोही बाजूला ठेवला. प्रयोगशीलता म्हणजे सतत काहीतरी नवं करणं, असं आपण धरून चालतो. रादिग यांचा प्रयोग उलट्या दिशेने चालला. ध्यास एकच राहिला, साधनं तेवढी बदलत गेली.

जन्म १९३२ सालचा, पॅरिसचा. पियानो आणि हार्प शिकलेल्या. शिल्पकार आर्मां यांच्याशी लग्न झाल्यावर नीसमध्ये संसार आणि तीन मुलं. घर विमानतळाजवळ होतं. विमानांची घरघर इतरांना नकोशी व्हावी, पण रादिग तिच्यात सूर शोधत बसायच्या. अशात रेडिओवर पिएर शेफेर यांची रचना कानी पडली. शेफेर यांनी १९४८ मध्ये रेल्वेचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचंच संगीत केलं होतं. पुढे रादिग त्यांच्या स्टुडिओत शिकायला गेल्या. टेप कापायची, जोडायची, उलटी फिरवायची, ही सगळी हातांची कामं तिथली. पण मुलांचं करता करता स्वतःच्या कामाला सलग वेळ मिळत नव्हता, आणि त्यात बरीच वर्षं गेली. १९६७ मध्ये पतीपासून वेगळं होऊन पॅरिसला परतल्यावर त्या शेफेर यांचे जुने सहकारी, संगीतकार पिएर आंरी यांच्या सहायक झाल्या.

आंरी यांच्याकडचे टेप रेकॉर्डर घरी वापरायला मिळाले, तिथून त्यांचं स्वतःचं काम सुरू झालं. सभागृहात माइक स्पीकरच्या जवळ गेला की शिट्टी वाजते आणि सगळे कान झाकतात, तीच शिट्टी, म्हणजे फीडबॅक, त्यांनी निवडली. माइक आणि स्पीकर यांतलं अंतर केसभर जरी बदललं तरी आवाज फिरतो. जास्त जवळ गेलं तर तो किंचाळतो, लांब गेलं तर विझून जातो. या दोन टोकांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हात स्थिर ठेवून आवाज जिवंत राखायचा. शेफेर आणि आंरी दोघांनाही हे रुचलं नाही. त्यांचं संगीत खऱ्या जगातल्या आवाजांची कापाकापी करून घडवलेलं. या बाई मात्र काहीच न कापता एक आवाज हळूहळू सरकू देत होत्या. गुरूंची नाराजी पत्करून त्या तिथून निघाल्या. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला निर्णायक क्षण हाच.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टुडिओत बुक्ला सिंथेसायझर हाताळायला मिळाला. न्यूयॉर्कमध्येच त्यांना आर्प २५०० हा सिंथेसायझर सापडला. तो विकत घेऊन पॅरिसला आणताना त्यांनी कीबोर्ड मुद्दाम सोबत घेतला नाही. कीबोर्ड समोर असला की बोटं सवयीने सुरावटी वाजवू लागतात. त्यांना तर फक्त बटणं फिरवून, एका स्वराचं दुसऱ्या रंगात कधी रूपांतर झालं ते कळूही नये, अशा बेताने जायचं होतं.

यामागचं तंत्र तंबोरा लावणाऱ्याला चटकन कळेल. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की आवाजात लाटा उठतात. एक ध्वनी २०० हर्ट्झचा आणि दुसरा २००.५ चा असेल, तर दर दोन सेकंदांनी एक लाट येते. तंबोरा लावणारा ती लाट पूर्ण शांत होईपर्यंत खुंटी पिळतो. रादिग नेमक्या त्या लाटेवरच मुक्काम करायच्या.

आणि हे सारं टेपवर. लांबलचक ध्वनी आधी मुद्रित करायचे, मग अनेक रेकॉर्डर एकाच वेळी चालवून ते एकमेकांत मिसळायचे, एका बैठकीत. तासाभराच्या रचनेत शेवटी हात चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. संगणकावर एका क्लिकने चूक पुसणाऱ्या आजच्या कलाकारांनी हा भाग जरूर लक्षात घ्यावा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्या तिबेटी बौद्ध धर्माकडे वळल्या आणि काही वर्षं संगीत थांबलंच. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात राहणाऱ्या तिबेटी लामा पावो रिनपोछे यांच्यापाशी साधना सुरू होती. गुरूंनीच त्यांना पुन्हा संगीताकडे पाठवलं. त्यानंतर तिबेटी संतकवी मिलारेपाच्या गाण्यांवरचं काम झालं, आणि मग १९८८ ते १९९३ या काळात मृत्यूविषयीची तीन भागांची रचना. पहिला भाग मृत्यू आणि पुनर्जन्म यांमधल्या अवस्थांवर आहे. १९८९ मध्ये मुलगा अपघातात गेला. त्यानंतरचा दुसरा भाग कैलास पर्वताची मनातल्या मनात केलेली परिक्रमा आहे. तो ऐकताना शोक कुठेही मोठ्याने बोलत नाही, पण जाणवत राहतो. तिन्ही भाग मिळून सुमारे तीन तास होतात.

२००० नंतर सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी आर्पलाही निरोप दिला. २००५ मध्ये चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या वाद्याचे वादक चार्ल्स कर्टिस यांच्यासाठी एक रचना झाली. चेलोवर एका ठरावीक स्वरापाशी लाकूड आणि तार एकमेकांशी भांडतात, आवाज थरथरतो. वादक तो स्वर टाळतात. इथे अख्खा चेलोच त्या स्वराला जुळवला गेला. फीडबॅकच्या शिट्टीपासूनची त्यांची ओढ तीच.

२०११ पासून ‘ओकाम’ मालिका आली. पहिली रचना हार्पवादक रोड्री डेव्हिस यांच्यासाठी. कागदावर काहीच लिहिलेलं नसायचं. वादक त्यांच्या पॅरिसच्या घरी येऊन समोर बसायचा, दोघं पाण्याचं एखादं दृश्य ठरवायचे, नदी किंवा समुद्र, आणि वाद्यातून ऐकत ऐकत रचना आकार घ्यायची. ती त्या वादकाचीच राहते. समोरासमोर बसून तालीम घेण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींना यात काही नवल वाटणार नाही, पण लेखी स्वरलिपीवर पोसलेल्या युरोपीय संगीतात हे धाडसच. या एकल रचना जोडून दोघांचे, तिघांचे असे गट बनत गेले, आणि २०१५ मध्ये तीसेक वादकांच्या अख्ख्या ऑर्केस्ट्रानेही अशाच तोंडी शिकवणीतून त्यांची रचना वाजवली.