वर्तमानपत्राचं पान असं का दिसतं: कर, खिळे, घडी आणि आपलं इंदूर

इंदूरच्या रामबाग-लोकमान्य नगरकडच्या पोरांनी यंदा गणेशोत्सवात चार पानी पेपर काढायचं ठरवलंय आणि ग्रुपवर सारखे तेच प्रश्न येतायत, की मोठी बातमी वरच का घ्यायची, कॉलम कशाला पाडायचे, सगळ्या हेडिंग एकाच साइजच्या ठेवल्या तर काय बिघडतं. "नियम आहे म्हणून" हे उत्तर मला पटत नाही. पान लावायचे जे नियम आज शिकवले जातात त्यातले बहुतेक कुणी डिझायनरने टेबलावर बसून ठरवलेले नाहीत, ते यंत्रामुळे, करामुळे, कागदामुळे पडले आणि मग सवयीचे झाले. म्हणून थोडी पार्श्वभूमी लिहितोय, म्हणजे कुठला नियम पाळायचा आणि कुठला सोडायचा हे त्यांना स्वतःलाच कळेल.

सुरुवात पानाच्या आकारापासून. इंग्लंडमध्ये 1712 साली वर्तमानपत्रांवर स्टँप ड्यूटी लागली आणि ती कागदाच्या तावावर होती. मग छापणाऱ्यांनी सरळ हिशोब केला, ताव मोठा करा, एका तावात जितकं कोंबता येईल तितकं कोंबा. हा कर 1855 ला गेला पण तोवर लोकांना मोठ्या पानाची सवय झाली होती, आणि मोठं पान म्हणजेच गंभीर पेपर असा समज पक्का झाला होता. आपल्याकडे आजही ब्रॉडशीटला, म्हणजे मोठ्या पानाच्या पेपरला, जो मान आहे तो निम्म्या आकाराच्या टॅब्लॉइडला मिळत नाही, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

मोठ्या पानावर ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली तर डोळा परत येताना चुकतो, म्हणून कॉलम. हे कारण खरंच आहे, पण कॉलममधली ती उभी रेघ इतकी वर्षं का टिकली याचं कारण वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. अमेरिकेत रिचर्ड हो यांचं रोटरी यंत्र 1840 च्या दशकात आलं, त्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, सपाट न राहता फिरत्या सिलिंडरवर बसवायचे. आता विचार करा, शिशाचे हजारो सुटे खिळे जोरात फिरणाऱ्या सिलिंडरवर, ते सुटून उडणारच की! म्हणून कॉलमच्या मधल्या रेघा पाचरीसारख्या बनवल्या, खाली निमुळत्या, त्या खिळ्यांना दोन्ही बाजूंनी आवळून धरायच्या. म्हणजे ती रेघ शोभेची नव्हती, तिच्यावर अख्खं पान उभं होतं. आणि रेघ तोडता येत नाही म्हटल्यावर दोन कॉलम, तीन कॉलम ओलांडणारं हेडिंग टाकणं अवघड, म्हणून त्या काळच्या पेपरात कितीही मोठी घटना असो, हेडिंग एकाच कॉलमात, एकाखाली एक सहा-सात थर. 1860 च्या दशकात कागदाच्या लगद्याचा साचा घेऊन अख्ख्या पानाची वाकवलेली प्लेट ओतायला लागले तेव्हा कुठे ती अडचण गेली आणि आडवं हेडिंग मोकळं झालं.

घडीचं गणित तर कुणालाही दिसतं. पहाटे राजवाड्याजवळ पेपरवाले गठ्ठे सोडून पुरवण्या भरत बसलेले असतात तेव्हा बघा, पेपर मधोमध घडी केलेला असतो आणि गिऱ्हाइकाला वरचा अर्धाच दिसतो. त्या अर्ध्यात नाव, मुख्य बातमी आणि मोठा फोटो आला पाहिजे, एवढाच त्या नियमाचा उगम. पण पहिल्या पानावर बातमीच असते हेसुद्धा काही आदिकाळापासून नाही, लंडनचा टाइम्स 3 मे 1966 पर्यंत पहिल्या पानावर छोट्या जाहिराती छापत होता.

फोटोचा इतिहास आपल्या भागातून जातो हे फार जणांना माहीत नसतं. न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिकने 4 मार्च 1880 ला हाफटोन फोटो छापला, हाफटोन म्हणजे फोटो बारीक-मोठ्या ठिपक्यांत फोडायचा आणि त्याचा धातूचा ठोकळा करून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. ही विद्या हिंदुस्थानात शिकणाऱ्यांत आपले दादासाहेब फाळके होते. ते बडोद्याला कलाभवनात होते, तिथले प्रिन्सिपॉल गज्जर यांनी त्यांना 1891 च्या सुमारास रतलामला पाठवलं, बाबूलाल वरुवळकरांकडे, तीन रंगांचे ब्लॉक आणि फोटोलिथो शिकायला. सिनेमा नंतरची गोष्ट, आधी हा माणूस छपाईतला होता आणि छपाईचा मोठा धडा त्याने माळव्यात गिरवला.

आता देवनागरी, इथे मी जरा थांबणार आहे कारण पोरांनी घेतलेली टेम्प्लेटं इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आहेत आणि निम्मी गडबड तिथूनच होते. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण 6 जानेवारी 1832 ला मुंबईत निघालं, पानावर दोन कॉलम, एकात इंग्रजी, एकात मराठी. इंदूरहून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मालवा अखबार निघायचा तोही असाच जोडीचा, हिंदी आणि उर्दू शेजारी शेजारी. म्हणजे आपल्याकडे पानाची पहिली रचना दोन भाषांना बरोबरीने जागा द्यायची म्हणून झाली, हे विसरू नये असं मला वाटतं.

पण खिळ्यांचं काम अवघड होतं. इंग्रजीत एका अक्षराला एक खिळा, ओळ संपली की झालं. मराठीत वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. मुंबईत दोन पद्धती चालल्या, एक अखंड, म्हणजे अक्षर मात्रेसकट एकाच खिळ्यावर, त्यात खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढायचे. दुसरी डिग्री, त्यात मूळ अक्षर लहान खिळ्यावर आणि वरच्या-खालच्या खुणा वेगळ्या खिळ्यांवर. डिग्रीत कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, एक ओळ जुळवायचा म्हणजे खरं तर तीन ओळी जुळवायचा, आधी वरची मात्रांची बारीक ओळ, मग अक्षरं, मग उकारांची, आणि जिथे खूण नाही तिथे रिकामे तुकडे भरायचे नाहीतर वरची मात्रा सरकून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसणार. "कुर्ल्याला" एवढा एक शब्द जुळवताना किती तुकडे लागत असतील बघा. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी मुंबईत जे सुंदर टाइप पाडले त्यांचं मोल या कष्टाकडे बघितल्यावर कळतं.

याचे पानावर परिणाम काय? एक, आपल्या ओळींमध्ये मोकळी जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात. दोन, आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, "महानगरपालिकेच्यासुद्धा" असा शब्द चार सेंटिमीटरच्या कॉलमात आला आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हटलं की बाकीच्या शब्दांत भगदाडं पडतात. आणि तीन, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आपल्याला कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजी पेपर कॅपिटल, इटॅलिक वापरून हेडिंगला चढ-उतार देतो, आपल्याकडे साइज, जाडी आणि रिकामी जागा एवढंच हातात. म्हणून सगळ्या हेडिंग सारख्या ठेवल्या तर मराठी पान इंग्रजीपेक्षा जास्त सपाट होतं, वाचणाऱ्याला मोठी बातमी कुठली तेच कळत नाही. शेजारी शेजारी दोन सारखी हेडिंग आली की डेस्कवर म्हणतात हेडिंग भिडली, ती चूक देवनागरीत जास्त टोचते कारण शिरोरेघ सलग पुढे जाते आणि दोन्ही हेडिंग एकच वाक्य असल्यासारखी वाचली जातात.

1932 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1 जानेवारीला पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी सकाळ काढला, ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले; आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला लंडनच्या टाइम्सने स्टॅन्ली मॉरिसनच्या देखरेखीखाली केलेला टाइम्स न्यू रोमन हा टाइप वापरायला घेतला. म्हणजे पानाचं रूप हा विचार करून करायचा विषय आहे हे तोवर ठरून गेलं होतं. पुढे 1963 ला न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनसाठी डिझायनर पीटर पलाझोने मोकळी जागा भरपूर ठेवून पान बांधलं, आणि साठ-सत्तरच्या दशकांत प्रत्येक बातमी पूर्ण चौकोनात बसवायची पद्धत रुळली. त्याआधी बातमी वाकडीतिकडी, एका कॉलमातून खाली उतरून शेजाऱ्याच्या पोटात शिरायची.

हे वारं इंदूरला लवकर आलं आणि याचा मला खरंच अभिमान आहे. नई दुनिया हा हिंदी पेपर 5 जून 1947 ला सुरू झाला, त्याचे संपादक राहुल बारपुते आपले मराठी माणूस, त्यांच्याबरोबर राजेंद्र माथुर. त्याच पेपरचे अभय छजलानी 1965 साली कार्डिफला थॉमसन फाउंडेशनमध्ये शिकून आले, हिंदी पत्रकारितेतून तिथे निवडलेले ते पहिलेच. हा पेपर ऑफसेटवरही लवकर गेला, ऑफसेटमुळे, म्हणजे पानाचा फोटो घेऊन त्याच्या प्लेटवरून छापायच्या पद्धतीमुळे, शिशाचे खिळे गेले आणि ब्रोमाइडचे, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटो-कागदाचे, तुकडे कापून चिकटवून पान लागायला लागलं, त्यामुळे फोटो मोठा घे, हेडिंग सरकव हे सगळं सोपं झालं. पण सोपं झालं म्हणून त्यांनी पान भडक केलं नाही. हेडिंगला आवाज कमी, शुद्धलेखन पक्कं, जागा श्वास घेणारी, आमच्या घरांतल्या मराठी माणसांनी हिंदी वाचायची सवय याच पानावर लावून घेतली. 1927 ला देवळालीकरांनी इथे कलाशाळा काढली होती, तिथून बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर गुरुजी असे चित्रकार निघाले, चित्रात काय ठेवायचं त्याहून काय सोडायचं हे समजणाऱ्यांची या गावात कमी नव्हती, आणि माझ्या मते त्या डोळ्याचा असर पेपर वाचणाऱ्यांवरही होता.

रिकामी जागा किती बोलू शकते हे तर आणीबाणीत दिसलं. 28 जून 1975 ला इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, नई दुनियानेही कोरी सोडली. पानावरचा तो पांढरा चौकोन वाचकांना न सांगता समजला, कारण रोज तिथे काय असतं ते त्यांना पाठ होतं. पानाची जागा रोज ठरलेली ठेवायची हा नियम किती कामाचा आहे याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पुढचं भराभर झालं. 1982 ला यूएसए टुडे रंगीत नकाशे आणि तक्ते घेऊन आला, 1983 ला दैनिक भास्कर इंदूरला आला आणि स्पर्धा वाढली, 1985 ला पेजमेकर हे कॉम्प्युटरवर पान लावायचं सॉफ्टवेअर आलं आणि हळूहळू पेस्टिंगची टेबलं रिकामी झाली. श्रीलिपी, चाणक्य, कृतिदेव असे फाँट, प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा, या पेपरचं मॅटर त्या पेपरात उघडलं की नुसता कचरा. युनिकोडने, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरांचा एकच क्रमांक ठरवणाऱ्या पद्धतीने, ते दुखणं बरंच कमी केलं, रा. कृ. जोशींचा मंगल हा फाँट विंडोजबरोबर आला तेव्हा पहिल्यांदा विकत न घेता कुणालाही देवनागरी मिळाली. पण मंगल हा स्क्रीनवर वाचायला केलेला फाँट, तो छापील कॉलमात टाकू नका, ओळी फार उंच होतात.

आज आपल्या ब्रॉडशीटचं छापील क्षेत्र साधारण 33 सेंटिमीटर रुंद आणि 52 सेंटिमीटर उंच, त्यात आठ कॉलम. वाचायला सहा जास्त सोयीचे आहेत, मराठी-हिंदीला तर नक्कीच, तरी आठ टिकलेत कारण जाहिरातीचा दर कॉलम-सेंटिमीटरवर, म्हणजे एक कॉलम रुंद आणि एक सेंटिमीटर उंच जागेवर, लागतो आणि सगळी बुकिंग त्या मापाची असते. गणेशोत्सवाच्या चार पानांना असली कुठली जाहिरात एजन्सी बांधून ठेवत नाही, तेव्हा टॅब्लॉइडला सरळ चार कॉलम घ्या, ओळींत जागा सोडा, डाव्या कडेला सरळ ठेवून उजवी मोकळी सोडलीत तरी चालेल, आणि आरतीच्या वेळा दर अंकात एकाच कोपऱ्यात छापा.