पाण्यातले जड धातू : आमची बाटली कृपया धुऊ नका

पाण्यातले शिसं, आर्सेनिक यांसारखे जड धातू तपासायला आमच्या प्रयोगशाळेतून पांढरी बाटली घेऊन गेलात की घरी एवढं लक्षात ठेवा: ती धुऊ नका, विसळू नका, उलटी करून निथळत ठेवू नका. तळाशी जे चमचाभरापेक्षाही कमी पाणी दिसतं ते उरलंसुरलं पाणी नाही. ते नायट्रिक आम्ल आहे, आम्ही मोजून घातलेलं. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण १ मिलिलिटर.

हे झाकणावर लिहिलेलं असतं, देताना तोंडीही सांगतो, तरी बाटल्या धुऊन येतात. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. प्यायच्या पाण्याचं भांडं आधी घासून घ्यायचं, हे आपल्या हाताला लहानपणापासूनचं वळण आहे. मागच्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडून एक ताई बोअरचं पाणी घेऊन आल्या. बाटली राखेनं घासून, उन्हात वाळवून, मग भरलेली. एसटीनं नागपूरपर्यंत येईतो वरचं पाणी काचेसारखं नितळ झालं होतं आणि तळाशी गंजाच्या रंगाचा गाळ बसला होता. बाटली हलवली की लाल ढग उठायचा.

ते नितळ पाणीच खरी अडचण आहे. बोअरच्या पाण्यात अनेकदा लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की ते गंजासारखं होऊन खाली बसतं आणि जाताना आर्सेनिक, शिसं यांनाही सोबत ओढून नेतं. थोडे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. वरचं पाणी तपासलं तर अहवालात 'आढळले नाही' येईल आणि घरात तेच पाणी भरलं जात राहील. आम्ल असलं की धातू पाण्यातच विरघळलेले राहतात, इतकंच त्याचं काम. ताईंच्या बाटलीत आम्ही आम्ल घातलं, रात्रभर ठेवलं, गाळ पुन्हा विरघळवला आणि मगच तपासणी केली. यात दीड दिवस जास्त गेला, आणि ताई तेवढा वेळ नातेवाइकांकडे थांबल्या. शेतीच्या दिवसांत दीड दिवस म्हणजे काय, हे आम्हाला सांगायला नको.

बाटली काठोकाठ भरून सांडू देऊ नका, त्यातही आम्ल वाहून जातं. गळ्याशी रेघ आहे, तिथे थांबा. हाताला थेंब लागला तर भरपूर पाण्यानं धुवा. मुलांच्या हाती बाटली देऊ नका. कोल्ड्रिंकच्या, मिनरल वॉटरच्या बाटलीतून आणलेलं पाणी धातूंसाठी आम्ही घेत नाही. काहींना हा अडवणुकीचा प्रकार वाटतो. पण ज्या आकड्याची आम्हालाच खात्री नाही, तो शिक्का मारून तुमच्या हातात कसा द्यायचा? बाटलीचे पैसे आम्ही घेत नाही, आणि कुरिअरनं हवी तर तशीही पाठवतो.

पाणी कधी भरायचं, यातही गोंधळ होतो. बोअर असेल तर मोटर दहा मिनिटं चालू द्या आणि मग भरा, म्हणजे पाइपात साचलेलं नव्हे, जमिनीतलं पाणी मिळेल. घरातल्या नळातलं शिसं बघायचं असेल तर नेमकं उलटं करायचं. रात्रभर कुणी नळ सोडू नका आणि पहाटेची पहिली धार बाटलीत घ्या, हात धुण्याआधी, चहाचं आधण ठेवण्याआधी. शिसं बहुतेक वेळा धरणातून येत नाही. ते जुन्या पितळी तोट्या, सांध्याचं डागकाम (सोल्डरिंग) आणि काही पीव्हीसी पाइप यांतून साचलेल्या पाण्यात उतरतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात नदीचं पाणी सुरू केलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही. शिशाच्या जुन्या पाइपांतून शिसं घराघरांत पोचलं. त्यातच लोकांना सांगितलं होतं, की नमुन्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा. त्यानं आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी येतात.

आता रोजचा प्रश्न: "आमच्या पाण्याचा टीडीएस दीडशेच आहे, मग धातू कसे असतील?" टीडीएसचं मीटर पाण्यातले सगळे क्षार मिळून एक ढोबळ आकडा देतं, तोही लिटरला एक-एक मिलिग्रॅमच्या पायरीनं. आयएस १०५०० या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आर्सेनिकची तितकीच, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. शिसं मर्यादेच्या पाचपट झालं तरी ते मीटर जागचं हलणार नाही. रंग, वास, चव यांवरूनही कळत नाही. उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटलं की दाट होतात. क्लोरीन जंतू मारतं, धातू काढत नाही.

शरीरावरचे परिणाम आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ते हळू येतात आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं. शिशाचा सगळ्यात मोठा घाव लहान मुलांवर बसतो. मोठ्यांच्या पोटात जितकं शिसं शोषलं जातं, त्याच्या चार-पाचपट मुलांच्या पोटात शोषलं जाऊ शकतं. बुद्धी, लक्ष, शिकणं यांवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना शिशाचं कुठलंही प्रमाण निर्धोक मानत नाही. मोठ्यांना रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास होतो. आर्सेनिकमध्ये आधी त्वचेवर काळे-पांढरे ठिपके दिसतात, तळहात-तळपाय खरखरीत, गाठाळ होतात. हे दिसायला पाचेक वर्षं लागतात. पुढे त्वचा, मूत्राशय, फुप्फुस यांचा कर्करोग होऊ शकतो. पश्चिम बंगालमध्ये १९८३ च्या सुमारास हे रुग्ण ओळखले गेले. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं, हाडं ठिसूळ करतं. जपानच्या जिन्झू नदीकाठी खाणीच्या पाण्यामुळे झालेल्या आजाराला लोकांनीच 'इताई-इताई' म्हटलं, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'.

म्हणून प्रत्येक घरानं सगळे धातू तपासावेत असं मात्र नाही, आणि तसं सांगून आम्हाला पैसे घ्यायचे नाहीत. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली काळा बेसाल्ट आहे, तिथल्या विहिरींत आर्सेनिकची भीती कमी. पूर्वेकडे खडक बदलतो. छत्तीसगडमधल्या अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावात भूजलात आर्सेनिक सापडलं आहे, आणि तो पट्टा गडचिरोलीला लागून आहे. तिकडच्या बोअरला आर्सेनिक जरूर तपासा. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या वर्कशॉपजवळ बोअर असेल तर क्रोमियम, जुनी इमारत आणि घरात लहान मूल असेल तर शिसं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या अनेक गावांत खरी तक्रार फ्लोराइडची आहे. तो जड धातू नाही, त्याची तपासणी वेगळी आणि बरीच स्वस्त आहे. आधी फोनवर बोललात तर नको ती तपासणी टळते.

घरी आरओ असेल तर दोन बाटल्या न्या, एक आरओच्या आधीच्या पाण्यासाठी, एक नंतरच्या. आरओ बरेचसे धातू अडवतो, पण पडदा जुना झाला की पाणी गोडच लागतं आणि धातू निसटू लागतात. दुसऱ्या बाटलीला आम्ही निम्मा दर लावतो.

अहवालाला चार कामाचे दिवस लागतात. 'एका दिवसात' म्हणणारे आहेत, पण आम्ही प्रत्येक खेपेला आधी ठाऊक प्रमाणाचं पाणी यंत्रावर तपासतो, ते बरोबर आलं तरच तुमचं लावतो. आकडा मर्यादेच्या काठावर असेल तर त्याच बाटलीतून पुन्हा बघतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. अहवाल न्यायला आलात की दहा मिनिटं बसा. कोणता आकडा कशामुळे आला आणि आधी तोटी बदलायची की फिल्टर घ्यायचा, हे समजावून देतो. फिल्टर आम्ही विकत नाही.

बाटल्या सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते पाच मिळतात. नेताना नळाची की बोअरची, तेवढं सांगा, त्याप्रमाणे चिठ्ठी लावून देतो.