ग्रँड कॅन्यनच्या पायवाटा

ग्रँड कॅन्यनच्या पायवाटा म्हणजे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेल्या दरीत काठावरून थेट नदीपर्यंत उतरणारे ट्रेकचे रस्ते. दरी साधारण ४४६ किमी लांब, दीड किलोमीटरहून जास्त खोल. सह्याद्रीत आपण सकाळी ताज्या दमात गड चढतो आणि दमलो की उतरतो, इथे सगळं उलटं, आधी मजेत उतरायचं आणि मग गुडघे बोलायला लागले, ऊन डोक्यावर आलं की चढ सुरू. लोक फसतात ते इथेच.

मुख्य वाटा तीन. दक्षिण काठावरून ब्राइट एंजल आणि साउथ कायबाब, उत्तर काठावरून नॉर्थ कायबाब. ब्राइट एंजल ही मुळात हावासुपाई या तिथल्या आदिवासी लोकांची, झऱ्यापाशी त्यांची शेती होती. १८९० च्या दशकात राल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाने ती वाट नीट करून घेतली, आसपास खाणींचे दावे ठोकले आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून १ डॉलर टोल घ्यायला लागला (टोलनाके काही आजचे नाहीत!). १९१९ ला नॅशनल पार्क झालं तरी हा गडी हटेना, शेवटी पार्कवाल्यांनी १९२४-२५ मध्ये शेजारी स्वतःची वेगळी वाट खोदली, तीच साउथ कायबाब. ती डोंगराच्या सोंडेवरून जाते म्हणून नजारा जबरदस्त, पण सावली जवळपास नाही आणि वाटेत पाण्याचा थेंब नाही. ब्राइट एंजल १९२८ मध्ये पार्ककडे आली. हावासुपाईंना मात्र त्यांच्या बागेतून घालवलं ते घालवलंच, त्या जागेला ‘हावासुपाई गार्डन्स’ हे नाव द्यायलासुद्धा २०२२ उजाडलं.

नदीपर्यंत साउथ कायबाबने साधारण ११ किमी, ब्राइट एंजलने थोडं जास्त. नॉर्थ कायबाब सगळ्यात लांब, तळाच्या कॅम्पपर्यंत २२ किमीच्या आसपास, आणि नॉर्थ रिम (म्हणजे उत्तर काठ) उंच असल्याने हिवाळ्यात तिथे बर्फ साचून रस्ता बंद होतो. जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉजही जळून गेलं. उतरताना खडकांचं वय वाढत जातं, वरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा आणि नदीकाठचा काळा ‘विष्णू शिस्ट’ नावाचा खडक १७० कोटींच्या पुढचा. हो, नाव खरंच विष्णू, आणि दरीतल्या सुळक्यांमध्ये शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपलसुद्धा आहेत.

खरा शत्रू ऊन. काठावर हवा बरी वाटते पण खाली उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांवर जातो, म्हणून रेंजर (पार्कचे रक्षक) लोक सांगतात की सकाळी १० ते दुपारी ४ चढायचं नाही, सावलीत बसा, कपडे भिजवून घाला. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस भोवळ येऊन पडतो, कधी जीवावरही बेततं, त्यामुळे सोबत खारट खाणं लागतंच, आपला चिवडा, खारे शेंगदाणे वगैरे मस्त चालतात. पाण्याची गंमत अशी की दक्षिण काठाचं पाणी उत्तरेच्या कड्यातल्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्यातून दरी ओलांडून पाइपने येतं, तो पाइप १९६० च्या दशकातला आणि सारखा फुटतो, तेव्हा निघण्याआधी नळ चालू आहेत का हे विचारूनच निघावं. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा हट्ट पार्कवाले करूच नका म्हणतात. दिवसाच्या ट्रेकला परवाना लागत नाही, खाली तंबू ठोकून राहायचं तर लागतो.

वाटेत खेचरं आली तर त्यांना आधी जाऊ द्यायचं आणि आपण डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. तळाशी फँटम रँच हे वास्तुविशारद मेरी कोल्टरने आखलेलं, १९२२ पासूनचं मुक्कामाचं ठिकाण आहे, तिथला शिधा खेचरंच पोचवतात आणि तिथून टाकलेलं पोस्टकार्डही खेचराच्या पाठीवरूनच वर येतं, तसा शिक्काही त्यावर मारून मिळतो.