प्रूफची पीडीएफ कशी बघायची: आमच्या ग्राहकांसाठी

छपाईचं काम दिलंत की दोन-तीन दिवसांत तुमच्या व्हॉट्सॲपवर आमची एक पीडीएफ येते. तेच प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना. सहा पानं, आठ पानं, कधी बारा. पुष्कळ जण पहिलं पान बघतात, "एक नंबर झालंय, छापा" म्हणतात आणि मोबाईल खिशात टाकतात. पाचव्या पानावर काय होतं ते मग खोकी हातात आल्यावर कळतं. त्या पाचव्या पानासाठी हे माहितीपत्रक.

एका फाइलची सहा पानं

स्क्रीन प्रिंटिंगवर पत्रिका छापताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. तिथे प्रत्येक रंगाची जाळी वेगळी असते, एकावर एक छापत गेलं की पत्रिका तयार होते. डिझाइनची फाइलही अशीच थरांची असते. आम्ही त्यांना लेअर म्हणतो. तळाचा रंग एका थरावर, फोटो दुसऱ्यावर, नाव तिसऱ्यावर. आम्ही डिझाइन करतो त्या फोटोशॉप प्रोग्रॅममध्ये ही सोय १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

समजा, गुळाच्या खोक्याचं काम आहे. वजनं तीन: अर्धा किलो, १ किलो, ५ किलो. प्रकार दोन: साधा आणि सेंद्रिय. म्हणजे सहा खोकी. सहा वेगळ्या फाइली केल्या तर दुकानाचा पत्ता सहा ठिकाणी टाइप करावा लागेल, आणि सहापैकी एका ठिकाणी तो चुकणारच. म्हणून फाइल एकच ठेवतो. पत्ता, बोधचिन्ह आणि उसाचं चित्र सगळ्यांना सामाईक. वजनाचे तीन थर आणि प्रकाराचे दोन थर वेगळे. मग कुठले थर चालू, कुठले बंद, कुठला किती सरकवलाय याच्या सहा नोंदी करून ठेवतो. अशा नोंदीला लेअर कॉम्प म्हणतात. २००३ च्या फोटोशॉप सीएसपासून ती सोय आहे. एक आज्ञा दिली की प्रत्येक नोंदीचं एक पान होतं आणि सगळी पानं एका पीडीएफमध्ये येतात.

यातली मेख अशी की ही नोंद फक्त थर दिसतो की नाही, कुठे आहे आणि त्याला सावली वगैरे काय दिलंय एवढंच लक्षात ठेवते. थरावर काय लिहिलंय ते नाही. त्यामुळे सामाईक थरावरचा फोन नंबर एकदा दुरुस्त केला की सहाही पानांवर दुरुस्त होतो, आणि चुकला तर सहाही पानांवर चुकतो. उलट १ किलोच्या थरावरची किंमत बदलली तर ५ किलोच्या पानाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून दुरुस्ती सांगताना "किंमत बदला" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या पानावर, आणि बाकीच्या पानांवरही बदलायची का, तेवढं सांगा.

आमच्याच हातून एकदा सेंद्रियचा थर बंद करायचा राहिला आणि साध्या गुळाच्या खोक्यावर हिरवी पट्टी आली. ग्राहकाच्या मुलीनं चौथ्या पानावर ती पकडली म्हणून निभावलं. प्लेट, म्हणजे ज्यावरून छापतात तो पत्रा, झाल्यावर तीच चूक कागद, प्लेट आणि मशीनचा वेळ असं सगळं घेऊन बुडते. पीडीएफवर ती फुकटात सुटते.

"मूळ फाइलच द्या की"

बरेच जण म्हणतात, पीडीएफ कशाला, ओरिजिनल पाठवा. देण्यात आम्हाला अडचण नाही, पण तपासणीला ती उपयोगाची नाही. एक तर ती मोबाईलवर धड उघडत नाही. लॅपटॉपवर उघडली तरी आमचे फाँट तुमच्याकडे नसतात, मग मशीन आपल्या मनानं दुसरा फाँट घालतं. मराठीत त्यानं फार घोटाळा होतो. जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व इकार अक्षराच्या पलीकडे जाऊन बसतो, "दुसऱ्या"तला र् तुटतो, ल आणि श हिंदी वळणाचे होतात. मग फोन येतो, "अहो, नाव चुकवलंय तुम्ही." नाव बरोबर असतं, चुकलेलं असतं ते फक्त तुमच्या स्क्रीनवर.

पीडीएफमध्ये थर एकत्र दाबून त्यांचं चित्र केलेलं असतं. आम्ही पाहिलं तेच तुम्ही पाहता. त्याला एक किंमत आहे: फाइल हलकी ठेवायला आम्ही चित्राची घनता निम्मी करतो, इंचाला साधारण १५० ठिपके. बोटांनी फार मोठं करून बघितलं तर अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात. छपाईला पाठवताना ३०० ची, अक्षरं ठिपक्यांऐवजी रेषांची केलेली फाइल जाते, तिथे ती कडा साफ येते. तेव्हा कडा बघू नका, मजकूर बघा.

पूर्वी ही पीडीएफ उघडली की पूर्ण स्क्रीनवर दर ५ सेकंदांनी पान आपोआप उलटायचं. नोंदींची पीडीएफ करणाऱ्या त्या आज्ञेत तशी सोयच आहे. एका आजोबांनी वैतागून विचारलं होतं, "वाचू देणार की नाही?" आता आम्ही ती बंद ठेवतो.

सोनेरी गणपती काळा का दिसतो

लग्नसराईत रोज एक तरी फोन याबद्दल असतो. पत्रिकेवर सोनेरी फॉइल, म्हणजे ठशानं दाबून चिकटवलेला वर्ख, असेल तर पीडीएफमध्ये एक जादा पान असतं, आणि त्यावर गणपती, वधूवरांची नावं, कडेची वेल एवढंच, सगळं ठार काळं. ते पान छापायचं नाहीये. फॉइलचा ठसा (ब्लॉक) जिथे दाबला जाणार तेवढाच भाग काळा दाखवलेला असतो. घाबरू नका, गणपती सोनेरीच येणार. पण ते पान टाळूही नका: त्यावर जे नाही ते सोनेरी होणार नाही. मामाचं नाव सोनेरीत हवं असेल तर ते त्या काळ्या पानावर आहे का, हे बघायची वेळ तीच.

भगव्याचं काय करायचं

मोबाईलचा पडदा उजेड फेकतो, कागद नुसता परतवतो. पडद्यावर तळपणारा भगवा ऑफसेटच्या चार शाईंत, पिवळ्यावर किरमिजी चढवून, थोडा दबूनच येतो. मंडळाचं पत्रक किंवा शिवजयंतीचं कार्ड असेल तर हे आधीच बोलून घेऊ. तळपताच हवा असेल तर तयार केलेली पाचवी शाई आणि तिची वेगळी प्लेट लागते, खर्च वाढतो. पीडीएफवरून रंग पक्का करू नका. रंगासाठी दुकानात या, त्याच कागदावर काढलेली प्रिंट बघा, आणि शक्यतो दाराबाहेर उन्हात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग शहाण्यासारखे वागतात.

दुरुस्त्या कशा कळवायच्या

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: "गूळ खोका, तपासणी २, पान ४". हे छापलं जात नाही. दुरुस्ती पाठवताना हे तिन्ही लिहा. मधलं एखादं डिझाइन तुम्ही रद्द केलंत तर पुढच्या वेळी पानांचे आकडे सरकतात, मग नुसतं "पान ४" म्हटल्यावर दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी पानं असतात. जुन्या तपासणीची फाइल मोबाईलमधून उडवून टाकलेली बरी.

पानाचा स्क्रीनशॉट काढून त्यावर बोटानं गोल केलात तरी चालेल, पण कोपरा कापू नका. तुमचे फोटो पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. नेहमीसारखे पाठवले की व्हॉट्सॲप ते दाबून बारीक करतं आणि छपाईत ते विटतात. चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज मात्र नकोत. "वरची ती ओळ जरा अशी" यातून आम्हाला काहीच कळत नाही.

खाण्याच्या मालाचं खोकं असेल तर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक (अन्न परवान्याचा), निव्वळ वजन आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका प्रत्येक पानावर तपासा. क्रमांक आम्ही टाइप करतो, पण परवाना तुमच्या भिंतीवर आहे. तो समोर धरून एकेक आकडा जुळवा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा.

घरात एकानं "फायनल" म्हणायचं आणि दुसऱ्यानं संध्याकाळी बदल सांगायचा, असं नको. कोण फायनल म्हणणार ते काम देतानाच ठरवा. आम्ही त्याच नंबरवरून "तपासणी ३, सगळी पानं बघितली, छापा" असा लेखी मेसेज आला की प्लेट करायला देतो. नुसता अंगठा पाठवलात तर उलट फोन करून पानं किती होती ते विचारू, रागावू नका.